न मोजलेल्या सातजणी

१

नागाबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं. बुधवारी दुपारी वर्षाराणीच्या तान्ह्या लेकीला, मनूला, तेल चोळता चोळता ती म्हणाली होती, "ताई, पिवळ्या होस्टेलातले डबे अर्धेमुर्धे माघारी यायलेत. पोरी जेवनात. काहीतरी बिघडलंय तिथं. आन जे बिघडलंय ते माझ्याच डोस्क्यावर येणार, बघा तुम्ही." वर्षाराणी हसली होती. परीक्षा तोंडावर आली, पोरींना घास उतरत नसेल मावशी, असं म्हणून तिनं ते उडवून लावलं होतं.

शनिवारी सकाळी नागाबाईचं स्वयंपाकघर गटारात पडलं होतं. परात उलथी, पातेल्याला पोचा, भिजवलेली कणीक चिखलात, आणि वरणाचा पिवळा ओघळ गल्लीभर. नागाबाई ही भोकरकडची विधवा बाई. लातुरात डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या गावोगावच्या पोरी वर्षानुवर्षं तिच्या हातचं जेवून परीक्षेला बसायच्या. आज त्याच पोरींच्या बापांनी तिला ओढत रस्त्यावर आणलं होतं. रेणापूरच्या अर्जुनरावांनी तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती खालीच बसली. त्यांची सृष्टी अतिदक्षता विभागात होती. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटून पोरीची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती.

पिवळ्या होस्टेलचा मालक शिवशंकर हात जोडून सगळ्यांना शांत करत होता. कायदा हातात घेऊ नका, म्हणत होता, आणि त्याच दमात आगीत तेल ओतत होता.

"आकडे बघा की. पिवळं आन निळं, दोन्ही होस्टेलं मिळून शंभर पोरी. गुरुवारी, एकादशीला, पन्नास जणींनी हिचा डबा खाल्ला. सव्वीस आजारी. पन्नास जणींनी खाल्ला न्हाई. त्यातल्या पाचच. आता मी वेगळं काय सांगू?"

मनूला कडेवर घट्ट धरून वर्षाराणी ऐकत राहिली. नांदेडला तिनं संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, बाळंतपणापर्यंत तासिका तत्त्वावर तोच विषय शिकवला होता. सव्वीस आणि पाच. तिला त्यात चूक सापडेना.

आणि मग तिला आठवलं. गुरुवारी संध्याकाळी नागाबाईनं त्याच पातेल्यातलं वरण कालवून मनूलाही भरवलं होतं.

२

घरी येऊन तिनं मनूची जीभ पाहिली, टाळू चाचपली, लंगोट पाहिला. पोरगी खिदळत होती. कालही तिला काही झालं नव्हतं. वर्षाराणी अर्धा तास तिच्याकडे बघत बसली आणि हळूहळू भीतीची जागा रागानं घेतली. एवढ्याशा जिवाला जे वरण पचलं, त्यानं सतरा वर्षांच्या पोरी आडव्या झाल्या?

एका लेकरावरून काही सिद्ध होत नाही, हे तिलाही कळत होतं. नवरा सिद्धेश्वर नोकरीला नांदेडला. त्यानं फोनवर सांगितलं, या भानगडीत पडू नकोस, लहान लेकरू आहे घरात. तिनं हो म्हटलं आणि मनूला घेऊन पोलीस ठाण्यात गेली.

फौजदार शेषेराव वाईट माणूस नव्हता, पण त्याला घाई होती. पालक बाहेर बसून होते, वरून फोन येत होते. अन्नाचा नमुना गेलाय, अहवाल यायला वेळ आहे, तोवर आजच गुन्हा दाखल करतो, असं त्यानं सांगितलं. बाईनं मुद्दाम केलं नसेल तर कुणीतरी तिच्या पातेल्यात काही टाकलं असेल. तुम्हाला कुणावर संशय आहे का, एवढंच त्यानं विचारलं.

संशय घ्यायला दोघं होते. प्रीतम हा निळ्या होस्टेलातल्या बहुतेक पोरींना डबे देणारा, नागाबाईचा प्रतिस्पर्धी. आणि सिंधु, नागाबाईशी भांडून प्रीतमकडे कामाला गेलेली बाई. गुरुवारी तिला नागाबाईच्या दारात गल्लीतल्या चारचौघांनी पाहिलं होतं.

प्रीतम कांदा चिरत बसला होता. त्यानं मानही वर केली नाही. फायदा कुणाला झाला ते शोधायलात ना वहिनी, तर लिहून घ्या, मला न्हाई, असं तो म्हणाला. नागाबाईचं नाव खराब झाल्यापासून त्याच्याही वीस पोरी घरी निघून गेल्या होत्या. लोकांना आता डबा म्हटलं की विषच दिसत होतं.

सिंधुनं मात्र पोळपाट बाजूला सारलं.

"भांडले मी बाईंशी. पगारावरून भांडले, तोंडावर भांडले. गुरुवारी माझी राहिलेली साडी आणायला गेले, तर म्हणाल्या, उपाशी जाऊ नको. तिथंच पाटावर बसून जेवले. वांगं, वरण, भात. त्याच पातेल्यातलं." तिनं दंड थोपटून दाखवला. "मला काय झालंय? बघा की."

म्हणजे त्या पातेल्यातलं खाऊन ठणठणीत असलेली दोन माणसं झाली. दोन माणसांनी नागाबाई सुटणार नव्हती. आणि सिंधु खोटं बोलत असेल तर?

३

दवाखान्याच्या व्हरांड्यात करिश्मा भेटली. सृष्टीची खोलीतली जोडीदारीण, उदगीरची. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, हातात लिंबूपाण्याची बाटली.

वर्षाराणीनं तिला जवळ बसवलं. सृष्टीचं विचारलं, डब्याचं विचारलं. करिश्मा म्हणाली, मला डब्यातलं काही ठाऊक नाही ताई, मला एकादशी होती.

"मग तुला काय झालंय? चेहरा बघ तुझा."

"आमचं काय, उपवासाचं पित्त. शुक्रवारी पहाटेपासून उलट्या." ती लाजल्यासारखी हसली. "डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लंस, मी म्हटलं उपवास होता. त्यांनी पित्ताची गोळी दिली."

"आमचं म्हणजे? अजून कुणाचं?"

पिवळ्यात दहा जणींनी एकादशी धरली होती. करिश्मानं बोटांवर मोजलं. सात जणींना त्रास झाला होता. कुणाला भगर बाधली म्हणे, कुणाला शेंगदाणे. या सातजणींची नोंद कुणीच आजारी म्हणून घेतली नव्हती. घेणार कसे? आपल्याकडे एकादशी केलेली बाई ओकली तर कुणाला नवल वाटत नाही. आई म्हणते झेपत नाही तर धरायचं कशाला, डॉक्टर गोळी देतो, आणि पोरगी स्वतःच गप्प बसते. दवाखाना, पोलीस, पालक, सगळ्यांनी 'डबा खाल्लास का' असं विचारलं आणि नाही म्हणणारीला घरी पाठवलं.

वर्षाराणीनं एकेकीला फोन लावायला सांगितलं. एकीनं भगर खाल्ली होती. दुसरीनं नुसती केळी. तिसरीनं घरून आलेले राजगिऱ्याचे लाडू. चौथीनं निर्जळी धरली होती आणि रात्री न राहवून घटाघटा पाणी प्याली होती, एवढंच. कुणाचं खाणं कुणाशी जुळत नव्हतं, आणि डबा तर एकीनंही उघडला नव्हता.

तिनं तिथूनच शेषेरावला फोन केला. न खाणाऱ्यांतल्या आजारी पाच नाहीत साहेब, बारा आहेत.

मग शेषेराव म्हणाला, "बरं. बारा धरा. तरी बाराला सव्वीस, दुपटीहून जास्तच की. ताई, बाईंवर जीव आहे तुमचा, कळतंय मला. संध्याकाळी गुन्हा दाखल होईल."

४

ती घरी आली तेव्हा मनू झोपेला आली होती. तिला पाळण्यात टाकून, पायानं दोरी ओढत, वर्षाराणी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. समोर ताट, शेंगदाण्याची बरणी आणि तुरीची बरणी. आजारी पोर म्हणजे शेंगदाणा, बरी पोर म्हणजे तुरीचा दाणा. करिश्मानं आणि तिच्या मैत्रिणींनी दोन्ही होस्टेलांतल्या शंभर जणींचं विचारून सांगितलं होतं.

ताटात एका बाजूला डबा खाणाऱ्या, एका बाजूला न खाणाऱ्या. सव्वीस शेंगदाणे, बारा शेंगदाणे. फौजदार खोटं बोलत नव्हता. ताट बघून कुणीही नागाबाईलाच धरलं असतं.

पण सिंधु? पण मनू? आणि निळ्या होस्टेलातल्या ज्या पोरी नागाबाईचा डबा खातात, त्यांचं काय?

तिनं दोरी ओढायची थांबवली. मग ताटातले दाणे पुन्हा उचलले आणि यावेळी चार वाट्या मांडल्या. दोन पिवळ्याच्या, दोन निळ्याच्या.

पिवळ्यात डबा खाणाऱ्या चाळीस, आजारी पंचवीस. न खाणाऱ्या दहा, आजारी सात.

निळ्यात डबा खाणाऱ्या दहा, आजारी एक. न खाणाऱ्या चाळीस, आजारी पाच.

ती वाट्यांकडे बघत राहिली. पिवळ्यात न खाणाऱ्या दहांत सात आजारी, खाणाऱ्या दहांत सहाच्या आसपास; म्हणजे प्रमाणात न खाणाऱ्याच जास्त आजारी. निळ्यातही न खाणाऱ्याच किंचित जास्त. एकाही इमारतीत डबा दोषी नव्हता. दोन्ही इमारती एका ताटात ओतल्या की मात्र डबा दोषी होत होता. हेच तर ती पोरांना फळ्यावर शिकवत आली होती. आधी थर वेगळे करा, प्रत्येक थरात संबंध आहे का बघा, मग ते थर मँटेल-हेन्झेल या संख्याशास्त्रज्ञांच्या रीतीनं सांधा. पोरं जांभया द्यायची. आज त्याच रीतीवर एका बाईचं आयुष्य टांगलेलं होतं आणि शहाणीसुरती माणसं ताटभर दाण्यांकडे बोट दाखवून तिला मारत होती.

तिनं दाणे चार पुड्यांत बांधले आणि वाट्यांसह पिशवीत भरले. मग थांबली. शेषेराव विचारणार, डबा नाही तर काय? पिवळ्यात असं काय आहे, जे निळ्यात नाही?

मनूला उचलून ती पिवळ्या होस्टेलकडे निघाली.

५

शिवशंकर पोलीस ठाण्यात पालकांसोबत बसला होता. तळमजल्यावर त्याचं बिऱ्हाड, वर दोन मजले पोरींचे. दार त्याच्या बायकोनं, शिल्पानं उघडलं. ती रडून आल्यासारखी दिसत होती, पण लेकरू बघून तिचा चेहरा निवळला.

"या वहिनी. किती गोड हाय हो. दात यायलेत का?"

वर्षाराणी बसली. सरळ काही विचारलं असतं तर दार बंद झालं असतं, म्हणून ती लेकरांच्या पोटाचं बोलली, ह्या दिवसांत किती जपावं लागतं ते बोलली. मनूला दूध पाजायची वेळ झाली, जरा पाणी देता का कोमट, असं म्हणाली आणि उठून ओट्यावरच्या नळाकडे वळली.

शिल्पानं तिचा हातच धरला.

"नळाचं नको वहिनी. जारमधलं देते. आम्ही बुधवारपासून टाकीचं घेतच न्हाई. ह्यांनीच सांगितलंय."

वर्षाराणीनं मनूच्या केसांवरून हात फिरवला. आवाज तिनं सांभाळला.

"बुधवारपासून?"

"हाव. व्हरांड्यातच ठेवलाय जार. खालच्या मजल्यावरच्या पोरी चोरून बाटल्या भरतात, मी बघून न बघितल्यावानी करते. लेकरंच हायेत की. त्यांनाही पाजलं पाहिजे चांगलं पाणी."

खालच्या मजल्यावरच्या पोरी. वर्षाराणीला करिश्माचं सांगणं आठवलं. पहिल्या मजल्यावर सोळा जणी राहतात, त्यातल्या दोघीच आजारी. दुसऱ्यावर चौतीस, त्यातल्या तीस पडल्या.

विषबाधा झाल्याचा बोभाटा शुक्रवारी झाला. ज्या डब्यावर आळ आला तो गुरुवारचा. आणि ह्या घरातल्या माणसानं बुधवारीच आपल्या बायकोला टाकीचं पाणी तोंडाला लावू नको म्हणून बजावलं होतं. पोरींचे डबे अर्धे माघारी यायला लागले तेही बुधवारपासूनच. पोटं तेव्हाच बिघडायला लागली होती.

तेवढ्यात वरून पायऱ्यांवर चपला वाजल्या. एक पोरगी रिकामी बाटली घेऊन जिन्याच्या नळापाशी वाकली. तिच्यामागे अजून दोघी उभ्या होत्या. आजारी मैत्रिणींसाठी साखर-मीठ कालवायला त्यांना पाणी हवं होतं.

वर्षाराणी मनूसकट धावली आणि तिनं त्या पोरीच्या हातातली बाटली हिसकून घेतली. पोरगी दचकून भिंतीला टेकली.

"एक थेंब पिऊ नका," ती म्हणाली. "वरच्या सगळ्यांना सांगा. आत्ता."

शिल्पा दारात उभी होती. आपण काय बोलून गेलो, हे तिच्या चेहऱ्यावर आता हळूहळू उमटत होतं.

६

ठाण्यात कागद तयार होते. शेषेरावच्या टेबलासमोर शिवशंकर, बाजूला अर्जुनराव, दोन-तीन पालक. नागाबाई कोपऱ्यात बाकावर, पदर डाव्या कानाशी धरून. वर्षाराणीनं कुणाला न विचारता कागद बाजूला सारले आणि वाट्या मांडल्या.

शिवशंकर हसला. "वहिनी, भातुकली मांडायलात का?"

"मांडते. तुम्ही फक्त बघा." ती शेषेरावकडे वळली. "साहेब, पिवळ्यात पन्नासपैकी बत्तीस पोरी आजारी आहेत. डब्याचा काडीचाही दोष नसता, तर त्या हिशेबानं डबा खाणाऱ्या चाळीस जणींत किती पडल्या असत्या? पंचवीस-सव्वीस. पडल्या किती? पंचवीस. निळ्यात पन्नासपैकी सहा आजारी. डबा खाणाऱ्या दहा जणींत एक पडायला हवी होती. एकच पडली. दोन्हींची बेरीज करा. डबा निर्दोष असता तर सत्तावीसच्या आसपास, आणि प्रत्यक्षात सव्वीस. मग ह्या बाईनं केलं काय?"

शेषेराव वाट्यांवर वाकला. एका वाटीतले शेंगदाणे त्यानं स्वतः मोजले.

"मग ते सव्वीस-बारा कुठून आलं?" त्यानं विचारलं.

"पिवळ्यातल्या जवळजवळ सगळ्याच हिचा डबा खातात. निळ्यातल्या थोड्याच. आजार पिवळ्याचा होता, तो डब्याच्या नावावर गेला. दोन इमारती एकत्र ओतल्या की पिवळ्यात राहण्याचा दोष डब्याच्या माथी बसतो. आणि ज्या सात पोरी डबा न खाता आजारी पडल्या, त्यांना एकादशीचं पित्त म्हणून सोडून दिलं."

शिवशंकर म्हणाला, हा सगळा आकड्यांचा खेळ आहे.

"आकडे भर चौकात तुम्ही सांगितलेत," वर्षाराणी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "तुम्ही सांगितलेत म्हणून हिला मारलं. आता हेही सांगा. बुधवारपासून तुमच्या घरात जार का येतो? वरच्या पोरींना टाकीचं पाणी चालतं आणि तुमच्या बायकोला का चालत नाही?"

शिवशंकरनं तोंड उघडलं. बायकोच्या तब्येतीचं काहीतरी बोलला, मध्येच अडखळला. शेषेरावनं हवालदाराला सांगून होस्टेलच्या नळांची कामं करणाऱ्या लखनला बोलावून घेतलं. लखन आला तो घाबरलेलाच होता. संडासाची लाईन फुटून खालच्या हौदात, जिथून पाणी वरच्या टाकीत चढतं, झिरपायली, हे मी मालकाला मंगळवारीच दाखवलं होतं, असं त्यानं सांगितलं. हौद उपसायचा तर होस्टेल रिकामं करावं लागतं. मालक म्हणाला, परीक्षा होऊ दे, मग बघू, आत्ता पोरी गेल्या तर परत येत न्हाईत. बुधवारी स्वतःच्या घरापुरता जार आणला. पोरी पडायला लागल्या तसं त्यानं बोट दाखवायला माणूस शोधला, आणि जिचं कुणी नव्हतं ती त्याला सापडली.

अर्जुनराव नागाबाईकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"मग मी मारलं कुणाला?" ते पुटपुटले.

नागाबाईला ते ऐकू गेलं नाही. तिनं उजवा कान पुढं केला आणि विचारलं, "सृष्टी कशी हाय आता?"

७

सृष्टी वाचली. मूत्रपिंडं हळूहळू पुन्हा काम करायला लागली. शिवशंकर आत गेला, जामिनावर बाहेर आला, पिवळ्या इमारतीला आता निळाच रंग दिलाय. पाटी नवीन. पोरीही नवीन.

नागाबाईला गुन्ह्यातून वगळलं. एवढंच. माफी मागायला कुणीही आलं नाही. अर्जुनराव एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि माघारी गेले, असं सिंधुनं पाहिलं. ज्यांनी परात गटारात फेकली त्यांना परात आठवतही नाही. पोचे आलेली भांडी पोलिसांनी पोत्यात भरून परत दिली, ते पोतं अजून तसंच दाराशी आहे. पोरींचे फोन येतात, मावशी डबा कधी सुरू करणार म्हणून. ती फोन उचलत नाही. डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि उजव्या कानाला तिनं फोन लावणंच सोडलंय.

वर्षाराणी रोज मनूला घेऊन जायची, जबरदस्तीनं भाकरी पुढं ठेवायची. नागाबाई मनूला भरवायची आणि स्वतः पाणी पिऊन उठायची. आता सिद्धेश्वरनं नांदेडला खोली घेतलीय आणि वर्षाराणीचं सामान टेम्पोत चढलंय. सिंधु म्हणते मी लक्ष ठेवीन, पण ती दोन ठिकाणी कामाला जाते. तिला वेळ कुठला?

म्हणून हे तुम्हाला सांगायचं. लातूरला लेकीला भेटायला जाल, तेव्हा क्लासच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत डोकावून या. नुसती कडी वाजवून भागणार नाही, तिला नीट ऐकू येत नाही. आत जा. समोर बसा. आणि ती आज जेवली का, ते चूल बघून खात्री करून घ्या.